झेडपीच्या बांधकाम विभागात विद्यार्थी काय शिकतो?

स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला किंवा मुलीला नगरपालिकेत, नाहीतर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात दोन-तीन महिने काम शिकायचे असेल, तर त्यासाठी सरकारची कोणती योजना आहे? प्रश्न सरळ आहे, पण उत्तर शोधायला बसलो की एकेक दार बंद होत जाते.

केंद्र सरकारने 4 जून 2020 रोजी ‘ट्युलिप’ हा कार्यक्रम सुरू केला. नागरी स्थानिक संस्थांनी नव्या अभियंत्यांना वर्षभरापर्यंत इंटर्नशिप द्यावी, असे त्या वर्षीच्या अर्थसंकल्पीय भाषणात म्हटले होते, त्यातून तो निघाला. सुमारे 4,400 नागरी संस्था, 100 स्मार्ट शहरे आणि 2025 पर्यंत 25 हजार तरुण, असे उद्दिष्ट ठेवले होते. पात्रतेची अट मात्र अशी की उमेदवार पदवी घेऊन बाहेर पडलेला हवा आणि त्याला अठरा महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नको. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै 2024 मध्ये आली. बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8 हजार आणि पदवीला 10 हजार रुपये विद्यावेतन थेट खात्यात. वय 18 ते 35. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती अकरा महिन्यांवर गेली. इथेही अट तीच: शिक्षण सुरू असलेला उमेदवार चालणार नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा. 1973 मध्ये त्यात पदवी आणि पदविकाधारक अभियंते आले. पण तिथेही सर्वसाधारणपणे प्रमाणपत्र आधी, उमेदवारी नंतर.

म्हणजे शिकून झालेल्यांसाठी तीन दारे आणि शिकत असलेल्यासाठी जवळजवळ एकही नाही. त्याच्या हातात असते ते प्राचार्यांच्या सहीचे पत्र. ते घेऊन तो कार्यकारी अभियंत्याच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसतो. साहेब साइटवर गेलेले असतात किंवा मीटिंगला. पत्र आवक-जावकला द्यावे लागते, शिक्का पडतो आणि पुढे काय होते ते साहेबांच्या मर्जीवर.

गंमत अशी की आपल्याकडे अभियांत्रिकीचे शिक्षणच मुळात सरकारी बांधकामाच्या पोटातून जन्मले. 1854 साली पुण्यात ‘पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले, तेच आजचे सीओईपी. सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालचे अधिकारी तयार करणे हाच तेव्हाचा उघड हेतू होता. इमारती, कालवे, पूल बांधायला माणसे लागत होती, म्हणून वर्ग निघाला. त्याच परंपरेतून शिकून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता झाले आणि नाशिक-धुळ्याकडे कामाला लागले. कॉलेज आणि खाते यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. ती नंतर उभी राहिली. कॉलेजे विद्यापीठांकडे गेली, खासगी कॉलेजांची संख्या वाढली, कॅम्पस मुलाखतींना सॉफ्टवेअर कंपन्या येऊ लागल्या आणि जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग हा परीक्षा देऊन नोकरी मिळवण्याचा विषय झाला. तो शिकण्याची जागा राहिला नाही.

वैद्यकीय शिक्षणात हे घडले नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. मुंबई महापालिका स्वतः वैद्यकीय महाविद्यालये चालवते. सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय 1926 पासून एकत्र उभे आहेत. तिथला इंटर्न वर्षभर वॉर्डावर असतो, तो नसेल तर वॉर्ड चालत नाही, आणि वॉर्ड नसेल तर तो डॉक्टर होत नाही. त्याच महापालिकेकडे शाळा, मंडया, नाट्यगृहे, स्मशानभूमी, कामगार वसाहती आणि दवाखाने अशा इमारतींचा मोठा पसारा आहे. त्या इमारती हेच स्थापत्य आणि विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याचे रुग्णालय. पण तिथे इंटर्न नाही. असलाच तर तो पाहुणा असतो.

पाहुणा का, हे समजायला अभ्यासक्रमाकडे यावे लागते. तंत्रशिक्षण परिषदेच्या इंटर्नशिप धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्यासाठी एकूण 600 ते 700 तासांचा अंदाज घालून दिला आहे. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात आधीच्या आराखड्यात, म्हणजे आय-स्कीमला, सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते, नंतरच्या के-स्कीमला बारा आठवड्यांची इंटर्नशिप आली. वास्तुशास्त्राच्या मुलांना तर एक पूर्ण सत्र बाहेर काम करावे लागते. कागदावर वेळ भरपूर आहे. पण एकेका कॉलेजमधून शंभर-दोनशे मुले एकाच उन्हाळ्यात बाहेर पडतात आणि तालुक्याच्या गावी घ्यायला असतात दोन ठेकेदार, एक खासगी सल्लागार आणि पंचायत समितीतला उपविभाग. मग काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीच्या कंत्राटदाराच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र येते, डायरी शेवटच्या दोन रात्रींत भरली जाते आणि अहवालात दुसऱ्याच कुठल्यातरी साइटचे फोटो लागतात. पैसे भरून घरबसल्या ऑनलाइन इंटर्नशिप देणारेही आहेतच. त्यात कॉलेजचा, विद्यार्थ्याचा आणि प्रमाणपत्र देणाऱ्याचा असा तिघांचाही वेळ वाचतो.

ज्याला खरोखर सरकारी कार्यालयात जागा मिळते, त्याचे काय होते? बहुतेकदा त्याला संगणकासमोर बसवतात. जुन्या अंदाजपत्रकांच्या एक्सेल फायली, आमदार निधीच्या कामांची यादी, फोटोंना अक्षांश-रेखांश लावणे, झेरॉक्स. मी याला सरसकट वाईट म्हणणार नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, मग देयक, हा कामाचा क्रम वर्गात कुणी शिकवत नाही. फाइल कुठे आणि का अडते, हे पाहिलेला अभियंता पुढे खासगी कंपनीत गेला तरी त्याचा उपयोग होतो. पण तीन महिने फक्त फायलीच बघितल्या तर तो मुलगा कारकून म्हणून तयार होतो. आणि कार्यालयाला तेच हवे असते, कारण पदे रिकामी आहेत. शाखा अभियंत्याकडे दोन-दोन विभागांचा कार्यभार असतो. त्याला शिकवायला वेळ नाही, हाताखाली कुणीतरी मिळाले याचाच आनंद.

साइटवर गेलेल्या मुलाची गोष्ट थोडी बरी आहे. समाजमंदिराचा किंवा शाळेच्या वर्गखोलीचा स्लॅब पडताना तो काँक्रीटचे ठोकळे घेताना बघतो. 150 मिलिमीटरचा घन, प्रत्येक नमुन्याचे तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांची चाचणी. आयएस 456 प्रमाणे पाच घनमीटरपर्यंतच्या काँक्रीटला एक नमुना, सहा ते पंधराला दोन, सोळा ते तीसला तीन. पुस्तकातला हा तक्ता परीक्षेला पाठ केलेला असतो. साइटवर त्याला दिसते ते असे, की स्लॅब सकाळी दहाला सुरू होतो, मिक्सर मध्येच बंद पडतो, संध्याकाळी सहाला घाई होते आणि मिश्रणात पाणी वाढते. ठोकळे मात्र सकाळच्या पहिल्या, चांगल्या मिश्रणाचे असतात. यात कुणी बेइमानी केलेलीच असते असे नाही, ठोकळे घेणाऱ्याला घरी जायचे असते. नमुना यादृच्छिक असावा असे प्रमाणकात का लिहिले आहे, ते त्या मुलाला त्या दिवशी कळते.

मोजमाप पुस्तिका हे दुसरे शिक्षण. ‘एमबी’ म्हणून सगळे ओळखतात. पानांवर छापील क्रमांक, पान फाडायचे नाही, खोडायचे नाही. चुकले तर रेघ मारून सही. संख्या, लांबी, रुंदी, उंची, परिमाण असे रकाने. सगळ्या बिलाचा जीव त्यात. भिंतीचा गिलावा मोजायचा आहे असे धरा. दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा गिलावा असेल, तर आयएस 1200 प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करायचीच नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या मोकळ्या भागाची वजावट एकाच बाजूला करायची. तीनच्या वर गेले की दोन्ही बाजूंची वजावट करून आतल्या कडांचे माप वेगळे धरायचे. सव्वा मीटर बाय सव्वा मीटरची खिडकी म्हणजे दीड चौरस मीटरच्या आसपास. तिची वजावट एकाच बाजूला. हे तत्त्व असे का, तर कडांना गिलावा करावा लागतो, त्याची भरपाई न वजा केलेल्या क्षेत्रातून होते. ज्या विद्यार्थ्याने एका वर्गखोलीच्या चारही भिंती स्वतः टेप धरून मोजल्या, त्याला हे एकदाच सांगावे लागते. ज्याने फक्त वाचले, तो आयुष्यभर कंत्राटदाराच्या माणसाने सांगितलेले माप लिहितो. टेपचे एक टोक कुणाच्या हातात आहे, यावर बांधकाम विभागातली बरीच नीतिमत्ता ठरते.

इथपर्यंत सगळे नव्या बांधकामाबद्दल झाले. माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या इंटर्नशिपचा विचार आपण नव्या कामांभोवती करतो, तो उभ्या इमारतींभोवती करायला हवा. नव्या कामाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, बातमी येते. उभ्या इमारतीची देखभाल कुणाच्याच नावावर जमा होत नाही. विद्यार्थ्यालाही तेच आवडते. ‘साइट’ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर सेंट्रिंग, लोखंड आणि क्रेन येते. गळणाऱ्या छताला कुणी साइट म्हणत नाही.

आणि माणसे मरतात ती बहुधा उभ्या इमारतींमध्ये. मुंबईत डॉकयार्ड रोडला 27 सप्टेंबर 2013 रोजी पहाटे पाच मजली इमारत कोसळली, 61 जण गेले. ती कुणा बिल्डरची नव्हती, महापालिकेचीच होती आणि तिच्यात महापालिकेच्या मंडई विभागाचे कर्मचारी कुटुंबांसह राहत होते. तळमजल्यावर केलेले फेरफार हे कारण म्हणून पुढे आले. ऑगस्ट 2017 मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत पडून तीन विद्यार्थी दगावले. मुंबईतल्या सीएसएमटीजवळचा पादचारी पूल 14 मार्च 2019 रोजी पडला, सात जणांचा जीव गेला. त्याच्या आधीच्या तपासणीत तो वापरायोग्य ठरला होता. नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि 22 रुग्ण दगावले. ती इमारत पडली नाही, पत्रा उडाला नाही. एक व्यवस्था बिघडली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्याच वर्षी 9 जानेवारीला नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. ते रुग्णालय राज्याचे, पण धडा तोच. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभे केलेले, महापालिकेच्या ताब्यातले. त्यात कुणी मेले नाही, एवढेच समाधान.

या सगळ्यांत सामायिक गोष्ट अशी, की बांधकाम हा प्रश्न त्या दिवशी नव्हता. इमारत वापरणे, तिचा भार, तिच्यातले वायरिंग, टाक्या, झडपा, अग्निशमन यंत्रणा सांभाळणे हा होता. याला इंग्रजी जगात फॅसिलिटीज मॅनेजमेंट म्हणतात, आपल्या कार्यालयांत ‘देखभाल-दुरुस्ती’ एवढेच. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेने बाराव्या भागात मालमत्ता आणि सुविधा व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय म्हणून आणला. अभियांत्रिकी अभ्यासक्रमात त्याला जेमतेम एखादे ऐच्छिक प्रकरण मिळते. स्थापत्यवाला म्हणतो विद्युतचे काम, विद्युतवाला म्हणतो स्थापत्यचे, आणि शेवटी रुग्णालयातला पंप चालवणारा आयटीआयचा वायरमन इमारतीबद्दल सगळ्यांपेक्षा जास्त जाणतो. त्याला कुणी विचारत नाही.

कायदे मात्र आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 मध्ये मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ मध्ये तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना तपासणी आहे, मुंबईच्या 1888 च्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मुळे सार्वजनिक इमारतीत चढउतार सुलभ असायला हवा. उताराचे प्रमाण एकास बारा. ही तपासणी करायला मोठी यंत्रे लागत नाहीत. टेप, पाणसळ, टॉर्च, कॅमेरा आणि लिहिता येणारा माणूस पुरतो. पहिल्या फेरीचे निदान तर नक्कीच होते. त्यात संशय आला की पुढे तज्ज्ञ.

विद्यार्थ्याला हे काम देता येते. एका विद्यार्थ्याकडे एक इमारत द्यावी, बारा आठवडे. एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे उदाहरण घ्या. पहिल्या आठवड्यात त्याने ती मोजून नकाशा काढायचा, कारण मूळ नकाशा बहुधा सापडत नाही. मग गच्चीवर जायचे. पन्हाळीत पाला किती, पावसाच्या पाण्याला उतार आहे का, पॅरापेटला तडा आहे का, भिंतीत पिंपळाचे रोप उगवले आहे का. पिंपळाचे रोप बघून हसू नये. मुळे फटीत शिरली की ती वाढतात आणि विटा बाजूला सारतात. स्लॅबच्या खालच्या बाजूला पोपडे आणि तांबूस डाग दिसले, की आतल्या सळईला गंज लागला आहे. गंजाने सळई फुगते आणि काँक्रीट ढकलते. गळती कुठून आहे हे कळायला पावसाळा लागतो, म्हणून त्या मुलाने जूनमध्ये हजर असले पाहिजे. त्यानंतर वीज. वीज वाटपाच्या पेटीच्या (डीबी) आत वाळवी, एकाच सॉकेटवर लसींचा फ्रीज आणि कूलर, अर्थिंगचा खड्डा कोरडा. शेवटी कागद: अग्निशामक सिलिंडरवरची तारीख, पाण्याची टाकी कधी धुतली, जनरेटर शेवटचा कधी चालवला. या सगळ्याची एक नोंदवही होते. डॉक्टर आणि औषधनिर्माता यांना पहिल्यांदा कुणीतरी इमारतीबद्दल विचारते. त्यांच्याकडे सांगण्यासारखे खूप असते.

अशा नोंदवहीचा सरळ पैशातला उपयोग एका ठिकाणी आहे आणि तो कुणी करत नाही. नव्या इमारतीच्या निविदेत दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत दिसलेला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, मुदत संपली की त्याची सुरक्षा ठेव परत. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी कुणी जाऊन यादी करत नाही. मुदत संपते, ठेव परत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात गळतीचे अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या किंवा झेडपीच्या निधीतून तयार होते. या एकाच कामासाठी दरवर्षी प्रत्येक तालुक्यात दोन विद्यार्थी लावले, तरी त्यांना दिलेले विद्यावेतन पहिल्याच उन्हाळ्यात वसूल व्हावे, असा माझा अंदाज आहे.

दुसरे असेच काम निर्लेखनाचे. शाळेची जुनी खोली धोकादायक झाली, तर ती पाडायला आधी ती सरकारी मालमत्तेच्या नोंदीतून कमी करावी लागते. त्याचा प्रस्ताव मुख्याध्यापक, पंचायत समिती, बांधकाम उपविभाग, शिक्षण विभाग असा फिरतो. तोपर्यंत खोलीला कुलूप, आणि मधल्या सुटीत तिच्याच व्हरांड्यात मुले खेळतात. निंबोडीनंतर अशा खोल्यांची मोठी चर्चा झाली. प्रस्तावाला लागणारी मोजमापे, फोटो आणि स्थितीचे वर्णन एखादा पदविकेचा विद्यार्थी शाखा अभियंत्याच्या देखरेखीखाली दोन-तीन दिवसांत तयार करू शकतो. सही अर्थातच अभियंत्याची.

सहीचा मुद्दा इथेच नीट लिहायला हवा. विद्यार्थ्याचे निरीक्षण हे निरीक्षण असते, दाखला नसतो. सीएसएमटीच्या पुलाच्या प्रकरणात तपासणी करणारे आणि तपासणी मान्य करणारे दोघेही अडचणीत आले. उद्या एखाद्या इंटर्नच्या ‘ठीक आहे’ या शेऱ्यावर साहेबांनी बोट ठेवून स्वतःला सोडवून घेऊ नये. म्हणून त्याच्या नोंदवहीत काय दिसले तेवढेच असावे, इमारत सुरक्षित आहे की नाही हा निष्कर्ष नसावा. उलट बाजूही आहे. मुलाने तडा लिहिला, फोटो लावला आणि ते पान फायलीत आले, तर साहेबांना ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. काही कार्यालयांना इंटर्न नको असतो त्यामागे हेही एक कारण आहे, असे मला वाटते.

सुरक्षेचे काय? शिकाऊ उमेदवारी कायद्यात उमेदवार कामगार नाही असे स्पष्ट म्हटले आहे, तरी कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली आहे. प्राचार्यांच्या पत्रावर आलेल्या विद्यार्थ्यासाठी अशी काही व्यवस्था नाही. तो चपला घालून पहिल्या मजल्याच्या सेंट्रिंगवर चढतो. मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. ग्रामीण साइटवर स्वच्छतागृह नसते, स्लॅब रात्री आठपर्यंत चालतो आणि शेवटची एसटी साडेसहाची असते. मग ‘मुलींनी ऑफिसमध्येच बसावे’ असा तोडगा निघतो आणि अर्धा वर्ग पुन्हा एक्सेलकडे जातो. उभ्या इमारतींचे काम दिवसा, वापरातल्या जागेत होते. मुलींना खऱ्या कामात घेण्याचा तो सोपा मार्ग आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. शिकाऊ उमेदवारीत 2019 नंतर पदवीधराला किमान 9 हजार आणि पदविकाधारकाला 8 हजार रुपयांचे विद्यावेतन ठरले, त्यातला निम्मा भाग केंद्र परत करत असे. कार्य प्रशिक्षण योजनेत सगळा पैसा राज्याचा. शिकत असलेल्याला शून्य. गडहिंग्लजच्या मुलाने कोल्हापुरात तीन महिने खोली घेऊन राहायचे, तर कुणाच्या खिशातून? परवडणाऱ्यांचीच इंटर्नशिप, असे हे होऊन बसते. कार्य प्रशिक्षण योजनेचा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवतो. मुदत संपली तेव्हा हजारो प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून रस्त्यावर आले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. त्यांना शिकवले कुणी नाही, रिकाम्या पदांवर बसवून काम करून घेतले. मग त्यांनी स्वतःला कर्मचारी समजले तर चूक कुणाची?

बाहेरच्या जगात याची उत्तरे आहेत, पण सरसकट उचलण्यासारखी नाहीत. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कामावर पाठवण्याची पद्धत सुरू केली, कामाचा पगार देऊन. तिथल्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रकच त्यासाठी वेगळे आहे. आपल्याकडे जवळचे उदाहरण अधिक उपयोगी. आयआयटी मुंबईचे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र 1985 पासून आहे, तिथले एम.टेक.चे विद्यार्थी गावात काही आठवडे राहून काम करतात. त्याच धर्तीवर 2016 मध्ये राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान आणले: जिल्हा प्रशासनाने प्रश्न द्यायचा, स्थानिक अभियांत्रिकी कॉलेजने तो अभ्यासायचा, प्रशासनाने त्याची फी द्यायची. पाणीपुरवठा योजना, एसटी स्थानके अशा विषयांवर अभ्यास झाले. कल्पना योग्य होती. ती टिकली ती उत्साही प्राध्यापक आणि उत्साही अधिकारी जिथे भेटले तिथेच. बदली झाली की फाइल थांबली. शासकीय कॉलेजे महापालिकांच्या इमारतींचे संरचना परीक्षणही करतात, त्यात प्राध्यापकांबरोबर एखाद-दोन विद्यार्थी जातात. पण ते सल्लागाराचे काम आहे, मुलाला इमारतीत नेऊन शिकवणे नव्हे.

मग करायचे काय? मला नवी योजना नको आहे. नवे नाव, नवे पोर्टल, नवा लोगो यांत दोन वर्षे जातात. जिल्हा परिषदेने मार्चअखेर आपल्या इमारतींची यादी करावी: दोषदायित्व संपत आलेल्या, तीस वर्षांहून जुन्या, निर्लेखनाचे प्रस्ताव अडकलेल्या. एप्रिलमध्ये ती जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निकांना द्यावी. एका शाखा अभियंत्याकडे चारपेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नयेत आणि आठवड्यातला एक दिवस त्याच्या कामाच्या नोंदीत ‘प्रशिक्षण’ म्हणून धरावा. नाहीतर तो शिकवणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. प्रवास, विमा आणि जेवणाचा खर्च देखभाल-दुरुस्तीच्या तरतुदीतून करता येईल अशी मुभा शासनाने द्यावी. कॉलेजने गुण द्यायचे ते इमारतीच्या नोंदवहीला; प्रमाणपत्राला एकही गुण नसावा. प्रमाणपत्राला गुण नसले की ते विकत घेण्यात अर्थ उरत नाही.

हे लिहिताना राज्यात 34 जिल्हा परिषदा, 351 पंचायत समित्या आणि 29 महानगरपालिका आहेत. तेवढ्यांना एकदम हे जमणार नाही, हे उघड आहे. एका जिल्ह्याने एका उन्हाळ्यात पन्नास इमारतींपासून सुरुवात केली तरी पुरे. आणि पदविकेच्या तिसऱ्या वर्षात जाणाऱ्या मुलामुलींना एक सांगणे: या वर्षी प्राचार्यांचे पत्र घेऊन कार्यालयात गेलात, तर ‘साइट द्या’ म्हणू नका. तुमच्या स्वतःच्या गावातली झेडपीची शाळा किंवा आरोग्य केंद्र मागा, त्याची मोजमाप पुस्तिका बघायला मागा आणि टेप बरोबर घेऊन जा.